पायांनी चालत येणारे पेशंट

हॉस्पिटल सोडून मी शाळेत नर्स म्हणून लागले, तेव्हा वॉर्डातल्या मैत्रिणींचं एकच पालुपद होतं, ‘मजा आहे बाई तुझी! नाईट नाही, मे महिन्यात सुट्टी आणि पेशंट सगळे पायांनी चालत येणारे.’ पगार कमी झाला, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. नाईट नाही हे सुख मोठंच. तरी सुरुवातीला कितीतरी दिवस रात्री दोनला आपोआप जाग यायची आणि बीपी कुणाचं घ्यायचं राहिलं, हे आठवत मी अंथरुणात बसून राहायचे.

पण पेशंट चालत येतो, इथेच तर गोम आहे. वॉर्डात माणूस येतो तो आजारी असल्याचं ठरवूनच. केसपेपर असतो, मॉनिटर असतो, शंका आली तर आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर असतात. शाळेच्या सिकरूममध्ये एक कॉट, थर्मामीटर, बर्फाची पिशवी, बेटाडिन, ओआरएसची पाकिटं आणि मी. समोरचं पोर आजारी आहे की नाही, इथूनच सुरुवात. त्यातून गणिताची चाचणी असली की पोटदुखीची साथच येते.

अशा वेळी मी सांगते, ‘जरा उडी मारून दाखव बघू.’ कण्हत आलेला गडी टुणकन उडी मारतो आणि मग मेलं पोट धरायचं राहूनच जातं! पण एखादा उडी मारायलाच नाही म्हणतो, उजवीकडे वाकून तसाच उभा राहतो. मग अपेंडिक्स डोळ्यांसमोर येतं आणि मी फोन उचलते. या दोघांच्या मधले सगळ्यात जास्त. पहाटेची स्कूलबस पकडायची म्हणून घोटभर दुधावर निघालेले. त्यांचं पोट खरंच दुखत असतं आणि औषध त्यांच्याच डब्यात असतं.

फोन करणं ही तर वेगळीच कला. स्क्रीनवर शाळेचं नाव दिसलं की आईच्या काळजात धस्स होतं. म्हणून मी ‘नमस्कार’सुद्धा नंतर म्हणते. आधी, ‘तो बरा आहे, बोलतोय माझ्याशी.’ मग कोपर, मग खरचटणं, मग टाका पडेल का ते.

अर्थात सगळंच काही खरचटणं नसतं. एकदा कबड्डीत एकाचा पुढचा पक्का दात मुळासकट बाहेर आला. पीटीच्या सरांनी तो नळाखाली घासायला घेतला होता. मी धावत जाऊन काढून घेतला. मुळाला बोट लावायचं नाही, घासायचं तर मुळीच नाही. स्टाफरूममधलं चहाचं थंड दूध वाटीत ओतलं, दात त्यात बुडवला आणि वाटीसकट मुलाला डेंटिस्टकडे रवाना केलं. तासाभरात पोचलं तर दात परत रुजायची आशा असते. हा रुजला. पण त्या दिवशी सगळ्यांना कोरा चहा मिळाला आणि त्याचं खापर अजून माझ्यावर फुटतं.

शाळेत नर्स हवीच कशाला, असं विचारणाऱ्यांना मी न्यूयॉर्कची गोष्ट सांगते. तिथे खरूज, उवा, डोळे आलेल्या मुलांना डॉक्टर सरसकट घरी पाठवायचे. उपचार कुणीच करायचं नाही. घरी बसलेली पोरं संध्याकाळी त्याच दोस्तांबरोबर रस्त्यावर खेळायची. 1902 मध्ये लीना रॉजर्स या नर्सला चार शाळांमध्ये नेमलं. ती शाळेतच मलमपट्टी करायची, घरी जाऊन आईला समजावून सांगायची. वर्षभरात अशी गैरहजेरी नव्वद टक्क्यांच्या आसपास घटली. औषधं तीच होती हो, फक्त ती लावणारं माणूस शाळेत आलं.

आमच्या पाचवीतल्या एका मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. मधल्या सुट्टीआधी ती येते, स्वतःच बोटाच्या कडेला सुई टोचते, थेंब पट्टीला लावते आणि रक्तातल्या साखरेचा आकडा मला वाचून दाखवते. सत्तरच्या खाली गेला तर तीन चमचे साखर पाण्यातून आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, हे तिला तोंडपाठ आहे. एकदा म्हटलं, ‘आण, आज मी टोचते.’ तिने हात मागे घेतला.

‘नको मिस, तुम्ही हॉस्पिटलच्या आहात. तुम्ही जोरात टोचाल.’