गेज म्हणतंय ९७, व्हेंट म्हणतंय १५

मागच्या वेळी मी मोठ्या थाटात लिहिलं होतं की गाडीच्या एसीचा विषय संपला. केबिन फिल्टर बदलला, कंडेन्सरच्या (पुढची जाळी, जिथे गॅस गार होतो) फिन्समधे अडकलेला कचरा धुवून काढला, हवा जोरात यायला लागली, मी खूश. ते सुख महिनाभर टिकलं. आता हवा जोरातच येते पण ती नुसती पंख्याची, एसीची नाही.

तेव्हापासून मधल्या व्हेंटमधे (डॅशबोर्डवरची हवा येते ती जाळी) एक साधा डिजिटल थर्मामीटर खोचून ठेवलाय आणि वहीत आकडे लिहितोय. हे सगळ्यांनी कराच, कारण उन्हातून येऊन गाडीत बसलं की काहीही थंडच वाटतं, त्या वाटण्यावर काही ठरवू नका. बाहेर ३४ डिग्री, रिसर्क्युलेशन चालू, ब्लोअर दोनवर, खिडक्या बंद, दरवेळी हाच सेटअप. सुरुवातीला ८ मिळत होते, मग १०, मग १२ आणि या आठवड्यात १५. एका दिवसात गेलं असतं तर पाइप फुटला किंवा फ्यूज उडाला म्हटलं असतं, हे असं झिजत झिजत गेलं म्हणून गॅसवर संशय आला.

आधी कंडेन्सरचा फॅन बघितला. फॅन मेला असेल तर पळत्या गाडीत कूलिंग बरं असतं आणि सिग्नलला थांबलं की गरम हवा सुरू होते, माझ्याकडे दोन्हीकडे सारखीच बोंब आणि फॅनही व्यवस्थित फिरत होता. मग बॉनेट उघडून नुसता कान लावून उभा राहिलो. टक्, कॉम्प्रेसरचा (गॅस दाबून फिरवणारा पंप) क्लच, म्हणजे त्याला इंजिनशी जोडणारी चकती, लागला, सात सेकंद चालला, टक्, सुटला. दहा सेकंदांनी परत टक्. लो प्रेशर स्विच त्याला बंद पाडत होता, कारण सिस्टममधे ओढायला पुरेसा गॅसच नाही. (नव्या बऱ्याच गाड्यांत क्लच नसलेला व्हेरिएबल कॉम्प्रेसर असतो, त्यात हे टक् टक् ऐकू येणार नाही, उगाच कान लावून बसू नका.)

आता माझा गाढवपणा. सकाळी इंजिन थंड असताना गेज लावलं, रात्रभर गाडी उभी, हवा ३० डिग्री, आकडा आला ९७ पीएसआय. मी म्हटलं वा, प्रेशर तर फुल आहे, मग गॅस कमी कसा! अर्धा दिवस एक्सपान्शन व्हॉल्व्हला (कूलिंग कॉइलमधे गॅस सोडणारी बारीक वाट) शिव्या घालण्यात गेला. नंतर डोक्यात प्रकाश पडला की बंद सिस्टममधे थोडासा जरी लिक्विड गॅस शिल्लक असेल तरी प्रेशर तापमानावर ठरतं, किती गॅस आहे त्यावर नाही. पारदर्शक लायटर बघा, अर्धा संपला तरी आतलं प्रेशर तेवढंच असतं. आर-१३४ए, म्हणजे माझ्या एसीतला गॅस, ३० डिग्रीला ९७ च्या आसपासच दाखवणार, मग आत ४८० ग्रॅम असो की २५०. इंजिन बंद असताना गेज एवढंच सांगतं की सिस्टम अगदी रिकामी नाही.

खरं चित्र चालू गाडीत दिसलं. लो साइड (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या गॅसचं प्रेशर) ३८ वरून सरसर खाली, २१ ला आली की क्लच सुटायचा, मग परत वर. हाय साइड (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचं) जेमतेम १३०, जिथे एवढ्या उकाड्यात मला २०० च्या वर अपेक्षित होती. दोन्ही बाजू एकदम कमी म्हणजे गॅस कमी हे त्यातल्या त्यात सरळ गणित. हात लावून बघितलं तर परत येणारा जाड पाइप, जो गार असून त्याला घाम यायला हवा, तो कोमट आणि कोरडा ठणठणीत.

आणि एक गंमत सापडली. डावीकडच्या व्हेंटला ११, उजवीकडच्याला १७! गॅस कमी असला की कूलिंग कॉइलच्या तोंडालाच सगळा उकळून संपतो, २१ पीएसआयला तो उणे पाचच्या आसपास उकळत असतो त्यामुळे तेवढा कोपरा बर्फासारखा आणि बाकीची कॉइल सुकी. म्हणजे गॅस कमी म्हणून कॉइल सगळीकडे सारखी कोमट होते असं नाही, एका कोपऱ्यात उलट बर्फ धरू शकतो.

गॅसचा कॅन आणून लो साइडला जोडायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू. पण आत किती आहे तेच माहीत नसताना वरून किती घालणार? जास्त झाला तरी कूलिंग पडतंच, शिवाय हाय साइड चढून कॉम्प्रेसरवर लोड येतो. आणि लीक बुजवायच्या औषधाचे कॅन तर मी हातातही धरणार नाही, व्हॉल्व्ह चोक होतो आणि रिकव्हरी मशीनचीही (गॅरेजमधलं गॅस काढून घेणारं मशीन) वाट लागते. तसंही हा गॅस जळून खर्च होत नाही, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळतोय.

तर गळती शोधायला टॉर्च घेऊन कंडेन्सरपाशी आडवा झालो. खालच्या जॉइंटला, नटाच्या कडेने, नखाएवढा काळपट तेलकट डाग आणि त्यावर धूळ थापल्यासारखी बसलेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं, त्याचीच ही खूण. साबणाचं पाणी लावलं, थांबलो, दोन मिनिटांनी मोहरीएवढा एक बुडबुडा, मग दुसरा. आणि मग आठवलं, महिन्यापूर्वी कंडेन्सर धुताना हाच डाग मी "किती घाण आहे" म्हणत कपड्याने पुसून टाकला होता! पुरावाच चकाचक केला, मग एसी सेट झाला म्हणून लिहिलं.

पुढचं काम रिकव्हरी मशीन असलेल्या गॅरेजमधे, गॅस हवेत सोडायचा नसतो, ओझोनला धोका नसला तरी आर-१३४ए कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. मशीनने बाहेर काढले २९० ग्रॅम. बॉनेटखालच्या स्टिकरवर ४८०. म्हणजे १९० गायब आणि सकाळचं गेज ९७!

जॉइंटमधली ओ-रिंग (रबराची गोल कडी) काढली तर चपटी झालेली, एका बाजूला बारीक चीर. नवीन रिंगला पॅग ऑइलचा (कॉम्प्रेसरचं तेल) हात फिरवून बसवली. पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढली, मग पंप बंद करून अर्धा तास काटा हलतो का (हलला तर अजून गळती) बघत बसलो, नाही हलला. वजनाने मोजून ४८० ग्रॅम भरला, सोबत थोडा यूव्ही डाय टाकला, म्हणजे यूव्ही टॉर्चखाली गळती चमकून दिसते.

आजची नोंद: बाहेर ३४, मधला व्हेंट ७, डावी उजवी ७ आणि ८. क्लच सलग चालतोय, जाड पाइपवरून पाणी ठिबकतंय. जॉइंटवर यूव्ही टॉर्च मारून बघितला, कोरडा आहे. यावेळी पुसलेला नाही.