वाशीत भेटलेलं तंजावर

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल धरली, रबाळे-घणसोली मागे टाकत वाशीला उतरलो आणि रिक्षानं विष्णुदास भावे नाट्यगृह गाठलं. इथं आजवर नाटकंच पाहिली होती. या वेळी मित्राच्या मुलीचं अरंगेत्रम होतं. भरतनाट्यम शिकलेल्या मुलीचा हा पहिला पूर्ण एकल कार्यक्रम.

सुरुवात अलारिप्पूनं. आधी नुसते डोळे, मग मान, खांदे, आणि मग गुडघे बाहेर वळवून अर्धं बसलेलं सगळं शरीर. बाजूला बसलेल्या गुरू झांज वाजवत बोल म्हणत होत्या, मृदंग ते बोल उचलत होता. जतिस्वरमला शब्दच नसतात, स्वरांवर पावलं पडत राहतात.

खरी कसोटी वर्णमची. अर्धा तास तरी चालला असेल. नायिका सखीला विनवतेय, ओळ तीच, पण दर वेळी रुसवा निराळा. मध्येच पावलांची सरबत्ती. मला तमिळचं अक्षर येत नाही, तरी तिसऱ्या आवर्तनापर्यंत भांडण नेमकं कशावरून आहे ते कळलं!

मध्यंतरात शेजारच्या नेरुळच्या मामी म्हणाल्या, ‘‘अहो, हे सगळं तुमच्याच राजांकडे घडलं की.’’

खरंच. तमिळनाडूतल्या तंजावरचे मराठा राजे सरफोजी भोसले (राज्यकाळ 1798–1832). राज्य 1799 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं घेतलं. राजांकडे किल्ला, ग्रंथ आणि कला उरली. त्यांच्या दरबारातल्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलु या चार भावांना अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा कार्यक्रमाचा आजचा क्रम लावण्याचं श्रेय देतात. सरफोजींनी नृत्यासाठी मराठीत निरूपणं, म्हणजे एकाच कथेवर गुंफलेल्या नृत्यरचनाही रचल्या. त्याच्याही आधी त्याच घराण्यातल्या शहाजीराजांनी (शिवरायांचे वडील नव्हेत, राज्यकाळ 1684–1712) मराठी नाटकं लिहिली होती. ज्यांचं नाव या नाट्यगृहाला आहे, त्या भाव्यांचं, मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक ‘सीता स्वयंवर’ सांगलीत झालं ते थेट 1843 मध्ये. शाळेत आम्हाला तंजावर म्हणजे शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, एवढ्यावरच भागवलं होतं.

तिल्लाना झाला, मंगलम झालं. तमिळ, तेलुगू, संस्कृत सगळं ऐकलं. मराठी ओळ मात्र एकही नाही. हे मला खटकलं. निघताना मामींना विचारलं, ‘‘ही निरूपणं बघायला कुठे मिळतील?’’

‘‘गुरूंना विचारा ना, आत्ता आतच आहेत. मागणारं कुणी नसेल तर त्या तरी कशाला बसवतील?’’

मी मेकअप रूमकडे वळलो.