पाळी चार महिने चुकली, आणि मी अडकले सोनोग्राफीच्या बाकावर

मागच्या उन्हाळ्यात माझी पाळी सलग चार महिने आली नाही. त्याआधी ती तीस-एकतीस दिवसांनी न चुकता यायची. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत माझी रात्रपाळी सुरू होती, म्हणून जागरणानं होत असेल असं समजून मी गप्प राहिले. आई म्हणाली, उष्णता झाली. मैत्रिणीनं तर पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा त्रास, ठरवूनच टाकलं. तीन महिने झाले तेव्हाच डॉक्टरकडे जायला हवं होतं. नियमित पाळी तीन महिने आली नाही की दाखवायचं, हे मला नंतर कळलं.

धंतोलीतल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करून घेतली. लग्न झालेलं नाही म्हणून मला ते लागलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "अगं, पाळी चुकली की सगळ्यांचं आधी हेच बघतो." मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच या हार्मोनच्या रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी लिहून दिली. रक्त दुसऱ्या दिवशी सकाळी दिलं.

सोनोग्राफीचा मात्र माझ्या मनातला राग अजून गेलेला नाही. सेंटरचं नाव लिहीत नाही. अकराची वेळ दिली होती, लघवी भरलेली हवी असं फोनवर सांगितलं होतं. पोटावरून तपासणी करताना मूत्राशय भरलेलं असलं की आतडी बाजूला सरकतात आणि गर्भाशय नीट दिसतं, म्हणून. मी दहा वाजताच लिटरभर पाणी पिऊन निघाले. काउंटरवरच्या बाईनं माझी चिठ्ठी वर धरली आणि भरल्या हॉलमध्ये विचारलं, "लग्न झालं का तुमचं?" समोर वीसेक माणसं, त्यात कोणाचे सासरे, कोणाचे भाऊ. आई म्हणाली, "काहून इतक्या मोठ्यानं विचारता, बाई?" त्या प्रश्नाला कारण आहे: आतून तपासायचं की पोटावरून, ते त्यावर ठरतं, आणि आतून करताना लघवी रिकामी लागते. पण तो प्रश्न हळू आवाजात, बाजूला बोलावूनही विचारता येतो.

साडेबारा झाले. बाकाशेजारी मोठा कूलर होता, त्याच्या वाळ्यावरून पाणी सारखं ठिबकत होतं. तो आवाज ऐकून माझे पाय थरथरायला लागले. विचारायला गेले की एकच उत्तर, "बसा न मॅडम, बोलावतो न." एक वाजून वीस मिनिटांनी मला सहन झालं नाही, मी जाऊन आले. परतले तोच माझं नाव पुकारलं. आतल्या बाईनं पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "भरलं नाही. पाणी प्या, परत बसा." आई तिथंच रडकुंडीला आली. पुन्हा पाणी, पुन्हा तोच बाक. तीन वाजता तपासणी झाली, पाच मिनिटांत. सोनोग्राफी नॉर्मल.

प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, मात्र वाढलेलं. हे रक्त उठल्यावर दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून द्यायचं असतं. मी रात्रपाळीवरून थेट, जिने चढून गेले होते. म्हणून मॅडमनी पुन्हा करायला लावलं. तरीही वाढलेलंच. तेव्हा त्यांनी विचारलं, "रोज कोणती गोळी घेतेस?" मी नाही म्हणाले. आई म्हणाली, "ते ॲसिडिटीचं कॅप्सूल?" रात्रीच्या खाण्यानं जळजळ व्हायची म्हणून मी सहा महिने मेडिकलमधून आणून खात होते. त्यात डोमपेरिडोन हे मळमळ-उलटीचं औषध होतं. त्यानं प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी थांबू शकते. कॅप्सूल बंद केलं, पाच आठवड्यांनी पाळी आली. पहाटे आईला उठवून सांगितलं.

मानसिक आजाराच्या काही औषधांनीही असं होतं, पण ती मनानं बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांनाच विचारा. थायरॉइड, खूप वजन घटणं, अतिव्यायाम, ताण, गर्भाशयाचा टीबी, चाळिशीच्या आत पाळी जाणं, अशीही कारणं मॅडमनी सांगितली. स्तनातून दूध येत असेल, सोबत डोकं दुखून नजर कमी होत असेल, तर तीन महिने थांबू नका. प्रेग्नन्सी टेस्ट पॉझिटिव्ह असून एका बाजूला जोरात दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. मुलगी पंधरा वर्षांची झाली आणि पाळी सुरूच नाही, तरीही दाखवा. खर्चाची अडचण असेल तर नागपुरात डागा, मेडिकल किंवा मेयो या सरकारी दवाखान्यांत स्त्रीरोग विभाग आहे.

घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, मी नेल्या असत्या तर एक फेरी वाचली असती. आणि सोनोग्राफीला सकाळचा पहिला नंबर मागा. पाणी तिथं पोहोचून, पुढं किती जण आहेत ते विचारूनच प्या.