मूठ पिळली आणि वाट बघितली

मागच्या गुरुवारी संध्याकाळी उचगावचं एक पोरगं माझ्या टर्बो दुरुस्तीच्या शेडमध्ये सिमेंटच्या पोत्यात टर्बो गुंडाळून घेऊन आलं. भंगारातून आठशे रुपयांना घेतलेला. पोतं बाकड्यावर ठेवलं आणि म्हणालं, "मामा, ह्यो माझ्या गाडीवर चढवायचा. किती दिवस लागतील?"

बाहेर त्याची साडेतीनशेची गाडी उभी होती, धुऊन पुसून लखलखीत.

टर्बो म्हणजे एका शाफ्टवरची दोन चाकं: इंजिनाच्या धुरावर टर्बाइनचं चाक फिरतं आणि दुसऱ्या टोकाचं कॉम्प्रेसरचं चाक इंजिनात जास्त हवा कोंबतं. टर्बो हातात आला की मी पहिल्यांदा कॉम्प्रेसरच्या चाकाचं नट चिमटीत धरतो आणि वर-खाली हलवून बघतो. तसा तो किंचित हललाच पाहिजे. आतला शाफ्ट तेलाच्या पापुद्र्यावर तरंगतो; इंजिन चालू झालं, तेलाचं प्रेशर आलं की मधोमध उचलला जातो. पण पुढं-मागं हलला, म्हणजे त्याला पुढं-मागं सरकू न देणारं थ्रस्ट बेअरिंग गेलं. पोराच्या टर्बोत शाफ्ट वर-खाली नको तेवढा हलत होता आणि पुढं-मागंही. पाती घराला, म्हणजे बाहेरच्या कवचाला, घासून त्यांची टोकं चांदीसारखी चमकत होती आणि मधल्या भागात तेल जळून दगडासारखी काळी खपली धरली होती. घाट चढून आलेली गाडी लगेच चावी फिरवून बंद केली की असं होतं. टर्बाइनचं घर तापून लाल झालेलं असतं, तेल फिरायचं थांबतं आणि आहे तिथंच करपतं. ऊसाच्या सीझनमध्ये असे टर्बो माझ्याकडं आठवड्याला दोन-तीन तरी येतात. प्रत्येक ट्रॅक्टरवाल्याला मी एकच गोष्ट सांगतो: बंद करायच्या आधी दोन मिनिटं रेस न देता तसाच चालू ठेव.

पोराला नुसतं नाही म्हटलं असतं तर ते दुसरीकडं गेलं असतं. म्हणून चहा मागवला आणि त्याला माझी २००३ सालची गोष्ट सांगितली. तीच इथं लिहितोय, कारण मोटरसायकलला टर्बो लावायला आलेलं हे या वर्षातलं तिसरं पोरगं.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातच वस्तादांच्या हाताखाली डिझेलची कामं शिकत होतो. दिवसभर ट्रकचे टर्बो खोलायचो आणि रात्री डोक्यात एकच, हे माझ्या साडेतीनशेच्या गाडीवर बसलं तर? दोन लिटरच्या डिझेल जीपचा एक टर्बो शेडमध्ये पडून होता. तो दुरुस्त केला, लेथवाल्याकडून जोडणीचा फ्लँज करून घेतला, सायलेन्सरचा पाइप कापून इंजिनाच्या पुढं खाली बसवला. कार्बोरेटर टर्बोच्या आधी लावला, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण टर्बोतूनच ओढलं जाऊन पुढं इंजिनात जाणार. तेलाची लाइन हेडवरून घेतली. सहा आठवडे लागले. पहिल्यांदा शिट्टी ऐकू आली तेव्हा मी शेडमध्ये एकटाच होतो, रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि माझ्या अंगावर काटा आला होता.

रविवारी पहाटे केर्लीवरून जोतिबाच्या घाटात गेलो. दुसऱ्या गिअरवर एका डाव्या वळणात शिरलो. मूठ थोडी पिळली, गाडी तशीच. अजून पिळली, तशीच. वळण अर्धं संपलं, गाडी झुकलेली, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी धक्का द्यावा तशी सगळी ताकद एकदम आली. मूठ सोडली तरी ती क्षणभर जाईना, कारण टर्बो आणि इंजिनाच्या मधल्या पाइपात भरलेलं मिश्रण जळायचं बाकी होतं. मागचं चाक खडीवर सुटलं. हासळीचं हाड मोडलं आणि गाडी गटारात.

वस्ताद घरी बघायला आले. ओरडले नाहीत. खाटेशेजारी बसून म्हणाले, "ताकद वाढवलीस, चांगलं केलंस. पर ती कवा येणार ते हाताला सांगितलंस का?"

टर्बोच्या मोटरसायकलींबद्दल मी पुढं जे काही वाचलं, बघितलं, ते सगळं मला या एका प्रश्नावर तपासावंसं वाटतं.

आधी माझंच गणित बघा. साडेतीनशे सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन ५,००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर, २,५०० वेळा हवा ओढतं, म्हणजे फार तर ८७५ लिटर. दोन लिटरचं डिझेल ४,००० आरपीएमला टर्बोशिवायच ४,००० लिटर ओढतं. त्या धुराड्यावर फिरायला बनवलेलं चाक माझ्या एका सिलेंडरच्या फुंकरीवर फिरवायचं होतं. फुंकर तरी सलग कुठं? एकच सिलेंडर असला की दोन फेऱ्यांत एकदाच धूर बाहेर पडतो. चाक वेग धरेपर्यंत वळण संपतं. शिवाय टर्बो खाली बसवल्यामुळं तेलाला परत इंजिनात जायला उतारच नव्हता. ते सीलमधून गळून इंजिनात जळत होतं. मागं निळा धूर दिसत होता आणि मला वाटत होतं, पिस्टनच्या रिंगा जागेवर बसतायत.

ट्रकमध्ये एक सेकंद उशीर झाला तर काय बिघडतं? दहा टन माल, चार-सहा चाकं रस्त्यावर. ड्रायव्हरला कळतसुद्धा नाही. मोटरसायकल वळणात झुकलेली असते, मागचं टायर तळहाताएवढंच रस्त्याला टेकलेलं असतं आणि उजव्या मुठीनं तुम्ही तिथला पकडीचा अंदाज घेत असता. तिथं अर्ध्या सेकंदाचा उशीरही फार मोठा.

हे मोठमोठ्या कंपन्यांनाही करून बघूनच कळलं. १९७८ मध्ये अमेरिकेत कावासाकीची झेड१आर-टीसी निघाली, तिच्यातही कार्बोरेटर टर्बोच्या आधीच होता. मग १९८२ ते १९८५ या काळात जपानच्या चारही कंपन्यांनी टर्बोच्या गाड्या काढल्या. होंडाची सीएक्स५०० टर्बो १९८२ ची: दोन सिलेंडरचं व्ही-ट्विन, पेट्रोलचं इंजेक्शन, ८२ हॉर्सपॉवर. साध्या सीएक्स५०० मध्ये कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमध्ये हवा जितके पट दाबली जाते ते, १० होतं, ते टर्बोत ७.२ वर आणलं. दाबलेली हवा आत येणार म्हटल्यावर कॉम्प्रेशन उतरवावंच लागतं, नाहीतर इंजिन ठोकायला लागतं आणि पिस्टनला भोक पडतं. पण त्यामुळं बूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब, येईपर्यंत इंजिन साध्यापेक्षाही मऊ, आणि आला की एकदम. म्हणजे उशीर अजूनच जाणवतो. होंडानं पुढच्याच वर्षी इंजिन ६५० चं केलं आणि कॉम्प्रेशन थोडं वाढवलं. कारण मला उघड दिसतं: टर्बो जागा होईपर्यंत इंजिनाला स्वतःची ताकद पाहिजे. यामाहाची एक्सजे६५० टर्बो, सुझुकीची एक्सएन८५ (नावातले ८५ म्हणजे हॉर्सपॉवरच) याच दोन वर्षांतल्या.

या सगळ्यांत मला मनापासून आवडते ती कावासाकीची १९८४ ची ७५० टर्बो. त्यांनी टर्बो मागं कुठं लपवला नाही, एक्झॉस्टच्या पाइपाजवळ, इंजिनाच्या पुढंच बसवला. धुराला कमी अंतर जायचं, उष्णता वाया जात नाही, चाक लवकर वेग धरतं. ११२ हॉर्सपॉवर. वस्तादांच्या प्रश्नाला त्या वेळचं सगळ्यात चांगलं उत्तर हेच होतं, असं माझं मत आहे. पण त्याच वर्षी त्याच कंपनीनं जीपीझेड९००आर आणली. पाण्यानं थंड होणारं, सोळा व्हॉल्व्हचं, टर्बो नसलेलं इंजिन, आणि ताकद जवळपास तेवढीच. मग गिऱ्हाइकानं टर्बोची उष्णता, वजन, पाइपांचं जंजाळ कशाला घ्यावं? १९८५ नंतर टर्बोच्या गाड्या गेल्या त्या गेल्याच.

टर्बोसारखीच हवा कोंबणाऱ्या सुपरचार्जरची गोष्ट याहून जुनी. १९३९ मध्ये गेऑर्ग मायरनं आइल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टीटी शर्यत बीएमडब्ल्यूच्या सुपरचार्जरवाल्या पाचशे सीसीच्या गाडीवर जिंकली होती. युद्धानंतर १९४६ मध्ये शर्यतींत सुपरचार्जरवर बंदी आली आणि ती वाट तिथंच थांबली. टर्बो धुरावर फिरतो, सुपरचार्जर क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर. इंजिन जेवढं फिरेल त्याच प्रमाणात तो फिरणार, त्यामुळं वाट बघणं नाही. इंजिनाची थोडी ताकद त्यालाच जाते, हे खरं. पण मूठ आणि चाक यांच्यात खोटं बोलणारं मधे कुणी राहत नाही.

म्हणून २०१५ मध्ये कावासाकीनं निंजा एच२ आणली तेव्हा मी तिच्या आकृत्या छापून शेडमध्ये लावल्या. ९९८ सीसी. ६९ मिलिमीटरचं ॲल्युमिनियमचं चाक, क्रँकच्या ९.२ पट वेगानं फिरणारं. इंजिन १४,००० ला गेलं की हे चाक मिनिटाला जवळपास एक लाख तीस हजार फेऱ्या मारतं. मी हिशोब केला: पात्याचं टोक सेकंदाला साधारण ४६५ मीटर जातं, आवाजाच्याही पुढं. आणि इंटरकूलर नाही! दाबलेली हवा तापते, म्हणून आम्ही ट्रकला पुढं तेवढा मोठा कूलर लावतो. यांनी चाकच इतकं नेमकं केलं की हवा कमी तापावी, आणि हवेचा डबा ॲल्युमिनियमचा केला. २०१६ मध्ये तिच्या ट्रॅकवरच्या बहिणीवर, एच२आर वर, रेसर केनान सोफुओग्लू तुर्कस्तानातल्या उस्मान गाझी पुलावर ताशी ४०० किलोमीटरच्या वेगाला गेला.

त्यानंतर एकदा कागलजवळच्या पेट्रोल पंपावर एच२ प्रत्यक्ष दिसली. पुण्याचे पाच-सहा जण गोव्याला निघाले होते. मी टर्बोचं काम करतो म्हटल्यावर मालकानं चालू करून दाखवली. त्यानं मूठ पिळून सोडली आणि आतून चिमण्यांचा थवा उडावा तसा चिवचिवाट आला. थ्रॉटल बंद झाला की दाबलेली हवा अडते, त्याचा तो आवाज. "वळणात कशी आहे?" एवढंच मी विचारलं. म्हणाला, "मागेन तेवढंच देते." मला तिथंच वस्तादांना फोन लावावासा वाटला. पण वस्ताद त्याच्या आदल्या वर्षीच गेले.

आता होंडानं २०२४ मध्ये मिलानच्या मोटरसायकल प्रदर्शनात तीन सिलेंडरचं व्ही३ इंजिन दाखवलंय, कॉम्प्रेसर विजेच्या मोटरवर. धुराचीही वाट बघायची नाही आणि क्रँकचीही नाही. पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढी हवा. जागा कमी लागते, इंटरकूलर लागत नाही. रस्त्यावर आलेली ती गाडी मला याच जन्मात चालवून बघायची आहे.

पोराला मी सगळं लिहून दिलं. एका सिलेंडरला मधे हवेची टाकी पाहिजे. टर्बो याच्या पाव आकाराचा पाहिजे. तेल परत ओढायला वेगळा पंप. कॉम्प्रेशन, पेट्रोल, टायमिंग सगळं नव्यानं. आणि एवढं करून रस्त्यावर आणता येणार नाही, कंपनीच्या इंजिनात असा बदल कायद्याला चालत नाही. त्यानं कागद नीट वाचला, घडी करून खिशात घातला. मग मी त्याचाच टर्बो खोलला, शाफ्ट पुसून त्याच्या तळहातावर ठेवला. मोबाइलच्या उजेडात तो किती तरी वेळ ती करपलेली जागा बघत होता.

"एवढ्या बारक्या दांडीवर सगळं फिरतंय, मामा?"

पोतं इथंच ठेवून गेला. रविवारी सकाळी हुपरीच्या एका ट्रॅक्टरचा टर्बो खोलायचा आहे. ये म्हणालो. येतो म्हणाला.