आईला सांगायचं नाही

रंगपंचमी, रात्रीचे साडेदहा

रविवारी ऐकलेले एक वाक्य आज चौथ्या दिवशीही कानातून जात नाही. वाक्य पुरते तीन शब्दांचे आहे: “आईला सांगायचं नाही.” थोरला ते धाकट्याला म्हणाला, गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, आणि मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर हातात तांब्या घेऊन उभी होते. त्यावर धाकट्याने विचारले, “आणि आजीला?” थोरल्याने थोडा विचार केला असावा, कारण उत्तर लगेच आले नाही. मग तो म्हणाला, “आजीला चालेल.”

मी तांब्या तसाच भरलेला घेऊन खाली आले.

दोघांना वर पाठवले होते ते कुरडयांच्या राखणीला. होळीच्या आदल्या दिवशी भिजत घातलेल्या गव्हाचा चीक सासूबाईंनी रविवारी पहाटे शिजवला, दोघांनी त्यातला वाटी वाटी तूप-साखर घालून खाल्ला, आणि उन्हे चढायच्या आत सोऱ्याने घातलेल्या कुरडयांनी गच्चीवरचे निम्मे प्लॅस्टिक भरून गेले. कावळ्यांना हाकलायला एक काठी, सावलीला जुनी छत्री आणि पाण्याचा एक तांब्या, एवढ्या सरंजामावर पोरांचे दोन-तीन तास आनंदात जातात, हा माझा दर वर्षीचा अनुभव. या वर्षी तांब्या वर न्यायचा राहिला होता, म्हणून मी गेले. विसरले नसते तर काहीच कानावर पडले नसते.

पहिल्यांदा मनात आले ते स्वाभाविकच होते: काहीतरी फुटले असणार. दुपारी मी घरातल्या सगळ्या काचा, बरण्या, शोकेसमधला संगमरवरी ताजमहाल आणि देवघरातला शंख यांची नजरेने मोजदाद केली. सगळे जागच्या जागी होते. मग शाळेचे दप्तर पाहिले. वहीत शेरा नव्हता. परीक्षेचे वेळापत्रक मात्र डब्याच्या तेलाने पारदर्शक झालेले सापडले, आणि त्याबद्दल मी थोरल्याला जरा जास्तच बोलले. तो ज्या शांतपणे ऐकून घेत होता, त्यावरून त्याची खरी चोरी वेगळीच आहे, हे मला समजले. फोन तपासला, पैशांचा डबा तपासला. काही कमी नव्हते. काही कमी असते तर बरे झाले असते, असेही एकदा वाटून गेले.

कारण लपवले काय, हा प्रश्न मला मुळात पडलेलाच नव्हता. मला लागले होते ते ‘आजीला चालेल’. म्हणजे बातमी मोठ्या माणसांपासून लपवायची नव्हती. ती फक्त माझ्यापासून लपवायची होती. रात्रभर मी हाच हिशेब मांडत पडले: धाकट्याला दुधात साय दिसली तर तो ओकतो आणि थोरल्याला सायच लागते, हे कोणाच्या लक्षात असते? दोघांच्या लसींच्या तारखा पाठ कोणाला आहेत? परीक्षेच्या आदल्या रात्री नऊ वाजता ‘उद्या चार्ट पेपर न्यायचाय’ असे सांगितल्यावर चप्पल अडकवून कोण धावते? आणि एवढे सगळे करून जी व्यक्ती उरते, तिला सांगायचे नसते. नवऱ्याला फोनवर हे सांगितले, तर तो तिकडून हसला आणि म्हणाला, “दोघं मिळून एक गुपित ठेवतायत, म्हणजे निदान भांडत तरी नाहीत ना.” त्याला तिथून सगळे सोपे दिसते. असो.

सोमवारी सकाळी धाकट्याला टेकडीवर घेऊन गेले. थोरल्याची शाळा लवकर असते, धाकट्याची उशिरा. एकट्याला गाठावे, हा हेतू होता, तो कबूल करते. वर काटेसावर ऐन भरात आहे. अंगावर एक पान नाही, आणि फांदी फांदीवर ती मांसल, गुलाबी-लाल फुले. प्रत्येक फुलात कोणीतरी चोच घालून बसलेले. खाली पडलेली फुले धाकटा सदऱ्याच्या ओच्यात गोळा करत होता. तांबट पक्ष्याची टुक टुक कुठून येते ते शोधण्यात आमची दहा मिनिटे गेली, आणि तो काही दिसला नाही. वसंतपंचमी माघात होऊन गेली, पुस्तकातला वसंत चैत्र-वैशाखात येणार, आणि आमच्या टेकडीवर मात्र तो फाल्गुनातच येऊन बसलेला असतो. पहाटे अजून पांघरूण लागते आणि दुपारी पारा पस्तिसावर जातो, अशा दिवसांत हे झाड बघितले की मला दर वर्षी एकदम बरे वाटते. यंदा तेही वाटले नाही, कारण मी सावज हेरत होते.

“दादाची आणि तुझी काहीतरी गंमत चाललीये वाटतं,” मी म्हटले.

त्याने खोडावरच्या काट्यावर बोट ठेवले आणि विचारले, “याला काटे का असतात?”

“कोणी ओरबाडू नये म्हणून.”

त्याने माझ्याकडे पाहिले आणि तो पुन्हा फुले वेचू लागला. साडेपाच वर्षांचे पोर ते. माझा प्रश्न त्याने चुकवला हे मला कळले, आणि मला कळल्याचे त्याला कळले असावे, अशी मला दाट शंका आहे.

त्याच दिवशी संध्याकाळी आमटीला फोडणी घालताना कढीपत्ता आणायला गच्चीवर गेले, तर कुंडीतल्या झाडाच्या खालच्या निम्म्या फांद्यांवर नुसते देठ. मी मनातल्या मनात पहिल्या मजल्यावरच्या काकूंवर आळ घेतला. इथे हे लिहून ठेवते, कारण त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागण्याची सोय नाही; त्यांना आळच ठाऊक नाही.

आज उलगडा झाला. दोघे दुपारी खालून निळे-जांभळे होऊन आले. त्यांना न्हाणीघरात तीनदा घासून काढल्यावर रंगलेले कपडे वाळत घालायला वर गेले, तर टाकीच्या मागे, सावलीत, अर्ध्या किलोचा श्रीखंडाचा डबा. हा डबा मी शनिवारपासून शोधत होते. त्याच्या तोंडाला सासूबाईंचे चीक गाळायचे मलमलीचे फडके रबराने बांधलेले, आणि बाजूला थोरल्याच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवलेली: ‘एकून ४. राज्य फुलपाखरू?’ एकूणमधला ण चुकलेला. आत कढीपत्त्याच्या डहाळ्या आणि त्यांवर तीन अळ्या; एक गलेलठ्ठ हिरवीगार, आणि दोन अजून लहान, पक्ष्याची शीट पडावी तशा काळ्या-पांढऱ्या. चौथीने फडक्याजवळच्या काडीला स्वतःला एका धाग्याने बांधून घेतले होते आणि तिचा कोश झाला होता.

मी तिथेच, ओल्या कपड्यांच्या बादलीशेजारी बसले, आणि मला गेल्या वर्षीची फाल्गुनातली दुपार आठवली. झाड हेच होते. वाईच्या अंगणातल्या झाडाचा फुटवा आईने मातीसकट पिशवीत बांधून दिला होता, तो मी इथे लावला. वाईचे झाड आता नाही. त्याविषयी आज लिहायचे नाही. तर गेल्या वर्षी त्यावर अशाच अळ्या पडल्या, आणि मी एकेक चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकली. थोरला शेजारी उभा होता. एका अळीला चिमटा लागल्यावर तिने डोक्यामागून दोन तांबडी शिंगे बाहेर काढली आणि उग्र वास सोडला, तेव्हा तो आधी हरखला. मग त्याने विचारले, “या मरतील?” मी म्हटले, “तुला कढीपत्ता हवाय का अळ्या हव्यात?” तो काही बोलला नाही. मला वाटले, विषय संपला. आणि ते झाड मला इतके जपावेसे का वाटते, हे मी तरी त्याला कुठे सांगितले होते?

म्हणजे मी तीन दिवस ज्याला अन्याय म्हणत होते, ती साधी खबरदारी होती. साक्षीदाराने पाहिले होते, लक्षात ठेवले होते आणि वर्षभराने योग्य तो बंदोबस्त केला होता. आजीला चालेल, कारण आजीच्या हातात त्याने चिमटा पाहिलेला नाही. हे समजल्यावर दुःख कमी व्हायला हवे होते. ते झाले नाही, फक्त त्यातला रुबाब गेला. रडू येण्याच्या बेतात असताना डब्यातल्या लठ्ठ अळीने माझ्या आईच्या झाडाचे एक अख्खे पान कडेपासून कुरतडत संपवले. इतक्या व्यवस्थितपणे, की मला हसू आले.

खाली येऊन थोडे वाचले. चिठ्ठीवरचे प्रश्नचिन्ह अगदीच वेडगळ नाही. महाराष्ट्राने २०१५ साली ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू ठरवले, त्याच्या अळ्याही लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, आणि कढीपत्ता त्याच कुळातला. पण आमच्या डब्यातून बहुधा साधे, पिवळट-काळ्या ठिपक्यांचे, लिंबावरचे फुलपाखरू निघेल. हे मी त्याला सांगू शकत नाही. मला डबा माहीतच नाही.

फडके मी जसे होते तसेच बांधले. गाठ नव्हती हे बरे. त्याच्या गाठी मला सुटत नाहीत. झाडाच्या वरच्या फांद्यांवर आणखी दोन काळ्या-पांढऱ्या अळ्या दिसल्या. त्यांच्याकडे बघत थोडा वेळ उभी राहिले. मग खाली आले. सासूबाई कुरडया डब्यात भरत होत्या. “उद्या ताकाची कढी करायची, तर दहा रुपयांचा कढीपत्ता आणावा लागेल,” मी म्हटले. “घरचा सगळा संपत आलाय.”

त्यांनी मान वर केली नाही. “आण की. आणि ते माझं फडकं आठ-दहा दिवस काही मिळायचं नाही, तेव्हा चक्क्याला दुसरं बघ. पाडव्याला श्रीखंड करायचंय.”

आम्ही दोघींनी याहून अधिक काही बोलायचे नाही, असे न बोलताच ठरले.

आत्ता तासाभरापूर्वी दिवा मालवताना धाकट्याच्या कानामागे अजून जांभळा रंग होता. थोरला भिंतीकडे तोंड करून झोपला होता, किंवा तसे दाखवत होता. धाकट्याने मला वाकायला लावले आणि कानात विचारले, “आई, फुलपाखरू बाहेर येतं ते सकाळी येतं का रात्री?” विचारले मात्र, आणि दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर दाबून धरले. भिंतीकडची पाठ जराशी ताठ झाली.

बहुतेक पहाटे येते, आणि पंख वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नसतो, हे मी दुपारीच वाचले होते.

“मला काय ठाऊक,” मी म्हटले. “दादाला विचार.”