तिरक्या छपराखाली सरळ दिवे

आईचे गुडघे दुखायला लागल्यापासून गावच्या घरात जेवायला टेबल येणार हे ठरलेलंच होतं. घर देवगड तालुक्यात, मंगलोरी कौलांचं. मागच्या मे महिन्यात माजघरावरचा वाळवी लागलेला माळा काढून टाकला आणि वाशांना खालून फळ्या ठोकून घेतल्या. म्हणजे आता मान वर केली की सपाट छत नाही, आढ्याकडे चढत गेलेलं तिरकं लाकडी सीलिंग. खोली एकदम मोठी वाटायला लागली. टेबल सहा फुटी. त्यावर एका ओळीत तीन लोंबते दिवे हवेत, हा हट्ट मुलीचा. तिने फोनवर दाखवले, मला आवडले, मागवले. पितळी रंगाच्या घुमटासारख्या शेडचे. बायको त्यांना पेंडंट म्हणते, आई हंड्ये म्हणते.

खोक्यात प्रत्येक दिव्याबरोबर छताला लावायची एक वाटी, त्यातून खाली येणारी दोन फुटांची ताठ नळी, होल्डर आणि शेड. फोटोत सगळं सपाट स्लॅबला लावलेलं होतं. आपलं छत तिरकं आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण नळी छताला काटकोनात निघणार आणि छतच तिरकं म्हणजे नळीही तिरकी, एवढी साधी गोष्ट स्टुलावरून खाली उतरेपर्यंत डोक्यात आली नाही. उतरून पाहिलं तर तिन्ही दिवे आढ्याच्या दिशेला झुकलेले. तिघांचा झुकाव अगदी सारखा, कवायतीत "डावीकडे पाहा" म्हटल्यासारखा. बल्ब लावल्यावर उजेड टेबलावर कमी आणि देव्हाऱ्याच्या भिंतीवर जास्त. देवांची सोय झाली म्हणायची.

मग मोजलं. आडवं तीन फूट गेलं की छत दीड फूट चढतं. म्हणजे उतार एकास दोन. काटकोनात बाहेर आलेली दोन फुटी नळी या उतारावर आपल्या जागेपासून जवळजवळ पावणेअकरा इंच बाजूला जाते. आणि वाकडं दिसायला पावणेअकरा इंच लागत नाहीत. दाराची चौकट, कपाट, खिडकीचे गज असं उभं काही शेजारी असलं की अर्ध्या इंचाचा फरकही डोळ्याला टोचतो.

सीलिंगचं काम केलेले सुतारकाका बघून गेले. त्यांचा उपाय त्यांच्या धंद्याला धरून होता: फणसाच्या लाकडाच्या तीन पाचरी करायच्या, वरची बाजू छताच्या उतारात कापलेली, खालची पाणसळीत, म्हणजे अगदी आडवी. पाचर वाशाला ठोकली की वाटीला सपाट जागा मिळते आणि नळी सरळ खाली येते. उपाय खोटा नाही. घरात एकच दिवा असता तर मी तोच केला असता. पण तीन पाचरी एकाच कोनात कापायच्या, आणि कोन थोडा जरी चुकला तरी दोन फुटी नळीच्या टोकाला ती चूक मोठी होऊन दिसणार. शिवाय आमच्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं. माजघराचं दार पावसाळ्यात खांदा लावल्याशिवाय मिटत नाही. पाचर तेवढी शहाण्यासारखी वागेल असं कशावरून?

तेव्हा मला एक दुसरी कल्पना सुचली, आणि ती मला फार हुशारीची वाटली. नळीच नको. दिवा नुसत्या वायरवर सोडायचा. संध्याकाळी एका दिव्यावर करून पाहिलं. वायर गुंडाळीतून काढलेली, अंगात वेटोळ्यांचा बाक तसाच. शेड हलकी, पाव किलोच्या आसपास. ती वायरचा बाक ताणून काढू शकत नव्हती. दिवा मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत बसला. मी वायर दोन हातांनी ओढून सरळ करायचो, सोडली की ती पुन्हा वळायची.

दुसऱ्या दिवशी वायरमन आले. वडिलांच्या ओळखीतले, सत्तरीच्या घरात, अजून शिडीवर माझ्याआधी चढतात. त्यांनी आधी वायरवर लटकवलेला दिवा खाली घ्यायला लावला. वायर करंट न्यायला असते, वजन न्यायला नाही. वजन वायरवर दिलं की तो ताण होल्डरमधल्या स्क्रूंवर येतो आणि एखाद्या दिवशी आतलं तांबं सुटतं. हे बोलून झाल्यावर त्यांनी पडवीतल्या पंख्याकडे बोट केलं.

"तो फॅन बघ. छप्पर वाकडा असान तो सरळ कित्याक लोंबता? त्येका कोणी धरूक नाय म्हणान."

चाळीस वर्षं त्या पंख्याखाली झोपलो, पण वर कसा अडकवलाय ते कधी पाहिलं नव्हतं. वाशात हूक. हुकात रबरी गुटका. गुटक्याला दोन बाजूंनी कवटाळणारी पट्टी, त्यातून बोल्ट, बोल्टला पिन. खालचा दांडा ताठच आहे, पण वरच्या टोकाला तो मोकळा आहे, हलू शकतो. म्हणून पंख्याचं सगळं वजन मिळून दांड्याला बरोबर हुकाच्या खाली आणून ठेवतं. माझ्या दिव्यांची नळी वाटीत पक्की पिळलेली होती. तिला सरळ व्हायचं असतं तरी होता आलं नसतं. गावच्या देवळात गाभाऱ्यापुढे लामणदिवा आहे, साखळीवरचा. ज्या तुळईला तो टांगलाय ती एका बाजूला खचलेली, पण दिवा वाकडा कधी कोणी पाहिला नसेल. साखळीची प्रत्येक कडी म्हणजे एक सांधा.

तर साखळी. तालुक्याच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात पितळी मुलामा दिलेली साखळी फुटावर मिळाली, आणि लाकडात पिळायचे जाड हूक.

आता नव्याने भोकं पाडायची तर आधीची चूकही निस्तरावी, कारण पहिल्या खेपेला मी आणखी एक घोळ घातला होता. दोन दिव्यांत दोन फूट अंतर हवं म्हणून टेप छतावर धरून दोन-दोन फुटांवर खुणा केल्या होत्या. पण टेबल ज्या दिशेला लांब, त्याच दिशेला छत चढतं. उतारावर मोजलेले चोवीस इंच खाली टेबलावर साडेएकवीसच भरतात. दोन अंतरं मिळून पाच इंचांची खोट. तिसरा दिवा टेबलाच्या टोकाला का पोचत नाही, हे मला नळीच्या तिरकेपणामुळे वाटत होतं. तो तिरकेपणा तिघांनाही सारखाच होता, तेव्हा आपसातलं अंतर काही त्याने कमी झालं नव्हतं.

वायरमनकाकांनी हिशेब केलाच नाही. टेबलावर खडूने तीन फुल्या काढल्या, मधली मधोमध, बाकीच्या दोन फुटांवर. मला शिडीवर चढवून हातात ओळंब्याची, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी दिली आणि स्वतः टेबलाशी वाकून उभे राहिले. वायच पुढे, वायच मागे, थांब. ओळंब्याचं टोक फुलीवर आलं की वर दोरी जिथे टेकलेली तिथे खूण. तीन खुणा झाल्यावर मी उगाच टेप लावून पाहिला: उतारावर दोन खुणांमधलं अंतर पावणेसत्तावीस इंचांच्या वर थोडं. गणिताने तेवढंच यायला हवं होतं.

खुणा वाशावर आल्या नव्हत्या. फळी अर्ध्या इंचाची. तिच्यात हूक पिळला तर आज राहील, पण कधीतरी कोणी दिवा पुसायला ओढला की फळीसकट खाली. नशीब असं की वासे आढ्याकडून खाली येतात आणि आमची दिव्यांची ओळही तशीच होती. म्हणजे तिन्ही हूक एकाच वाशात बसू शकत होते, फक्त तो वासा चार इंच बाजूला होता. मी आडवी पट्टी मारायच्या गोष्टी करत होतो. आई दारातून म्हणाली, मग टेबल सरकव की. सरकवलं. पुन्हा ओळंबा, पुन्हा खुणा.

हूक पिळण्याआधी बारीक बिटने भोक पाडून घ्यायला हवं, नाहीतर जुना वासा चिरतो. हूक छताला काटकोनातच गेले, तिरके. मला धास्ती वाटली, पण हूक तिरका असला तरी कडी घसरून त्याच्या सगळ्यात खालच्या जागी जाऊन बसते आणि तिथून साखळी सरळ. सगळी ओळ मिळून इंचभर आढ्याकडे सरकली, ती टेबल तेवढं सरकवून भरून काढली. कडी अडकवल्यावर हुकाचं तोंड पकडीने दाबून मिटवलं.

मेन बंद करून, टेस्टर लावून खात्री केल्यावर जोडणी काकांनीच केली. शेड धातूची म्हणून तीन कोरची वायर, हिरवी अर्थची शेडच्या अंगाला. खोक्यातल्या वायरला अर्थ नव्हतीच. वायर साखळीच्या कड्यांतून ओवायची, पण ताणून नाही. मी पहिल्या दिव्याची अगदी नीटनेटकी, ताठ ओवली होती, आणि साखळी असूनही दिवा थोडा तिरका. काकांनी वरून चार बोटं वायर ढिली सोडली, आणि मी हात लावायच्या आधी दिवा सरळ झाला. "सोड त्येका," एवढंच म्हणाले. वायरला बाक राहू नये म्हणून उरलेली वायर आदल्या रात्री पडवीत खाली विटा बांधून लोंबत ठेवली होती. त्याचा उपयोग झाला.

दोन दिवे जमले. तिसरा काही ऐकेना. साखळी मोकळी, वायर ढिली, होल्डर घट्ट आणि सरळ, तरी शेडची एक कड बोटभर खाली. इथे काकांनी जे केलं ते मला फार आवडलं. शेड सोडवून अर्धा फेरा फिरवली आणि पुन्हा बसवली. आधी खाली असलेली कड खिडकीकडे होती, आता ती देव्हाऱ्याकडे गेली. म्हणजे वाकडेपणा शेडबरोबर फिरला, दोष शेडमध्ये. शेड फिरवूनही खिडकीकडचीच बाजू खाली राहिली असती तर दोष वर, साखळीत किंवा वायरीत शोधायचा. पट्टी लावून पाहिलं तर शेडच्या डोक्यावरचं भोकच मधोमध नव्हतं. दोन-तीन मिलिमीटरचाच फरक. पण टांगलेली वस्तू आपलं वजन बरोबर आधाराखाली येईपर्यंत फिरते, मग कड वर गेली काय आणि खाली गेली काय, तिला काही नाही.

परत पाठवायची मुदत संपलेली. काका म्हणाले, हलक्या बाजूला वजन घाल. नट घातला, कमी पडला. दोन घातले, जास्त झाले. शेजारचा मुलगा हे सगळं बघत होता. तो घरी जाऊन जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्यांची डबी घेऊन आला. शिसं मऊ, चाकूने कापता येतं. आधी तुकडा चिकटपट्टीने शेडच्या आत वर उचललेल्या कडेला लावला, आणि थोडं थोडं कापत कड पाणसळीत येईपर्यंत कमी केला. मग तिथेच एम-सीलने बसवला. नऊ वॉटचा एलईडी बल्ब, त्यामुळे उष्णतेने सील सुटायची भीती नाही. खालून डोकं घातल्याशिवाय दिसत नाही.

शेवटी उंची. छत चढत जातं, म्हणून प्रत्येक साखळी आधीच्यापेक्षा बरोबर फूटभर लांब. टेबलापासून तीस इंच वर शेडची कड ठेवायची होती, पण टेबलावर विश्वास ठेवावा अशी आमची लादी नाही. मोरीकडे पाणी वाहायला तिला उतार आहे. तेव्हा गवंड्याकडे असते तशी पारदर्शक नळी पाण्याने भरून घेतली, आतला हवेचा बुडबुडा टिचकी मारून काढला, एक टोक पहिल्या दिव्याच्या कडेला आणि दुसरं टोक पुढच्याच्या. साखळी कडी-कडीने कमी होते, अर्ध्या कडीने नाही. उरलेला थोडा फरक हूक एक-दोन फेरे आत पिळून काढला.

मे संपायच्या आत आम्ही परत ठाण्याला. पावसाळाभर घर बंद होतं. गणपतीला गेलो तेव्हा मी चपला काढायच्या आधी दिवे पाहिले. माजघराचं दार नेहमीप्रमाणे फुगलेलं, साखळ्यांवर दमट हवेने थोडा काळपटपणा, पण तिन्ही दिवे जागच्या जागी, उभे.

संध्याकाळी आरतीनंतर जेवायला बसलो आणि समुद्राकडून वारा सुटला. मोकळं टांगलेलं सगळं हलतं, हा साखळीचा तोटा मी धरला नव्हता. आणि तिन्ही साखळ्यांची लांबी वेगळी. आखूड साखळीचा दिवा भराभर झोके घेतो, लांब साखळीचा सावकाश. मुलगी घास हातात धरून बघत बसली होती, तिघं मध्येच एकदा एकत्र येतात आणि लगेच फुटतात.

"माझ्या ताटात उजेड हलता," आई म्हणाली. "खिडकी लाव मरे."

लावली. सगळ्यात आखूड दिवा आधी थांबला.