कार्ल्सरूहची मतमोजणी आणि घोडबंदर रोडवरचे प्रश्न

२३ फेब्रुवारी २०२५ रोजी जर्मनीत संसदेची निवडणूक झाली. मला येथे मताचा अधिकार नाही, तरीही संध्याकाळी सहा वाजता मी कार्ल्सरूहमधील आमच्या वस्तीतल्या शाळेत गेलो, कारण मतदान संपताच त्याच खोलीत मोजणी सुरू होते आणि ती कोणालाही पाहता येते. ज्यांच्याकडून मी रोज पाव घेतो, त्या बाई स्वयंसेवक म्हणून टेबलाशी बसल्या होत्या. एका गठ्ठ्यात एक मतपत्रिका कमी भरली, तेव्हा त्यांनी तो संपूर्ण गठ्ठा पुन्हा मोजला आणि भिंतीशी उभे असलेले आम्ही चार-पाच जण हिशेब जुळेपर्यंत थांबलो.

२००५ च्या निवडणुकीत येथेही काही ठिकाणी मतदान यंत्रे होती. याच शहरातील संघीय घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी त्यांचा तो वापर घटनाबाह्य ठरवला. यंत्रांत लबाडी झाली, असे न्यायालय म्हणाले नव्हते; तांत्रिक ज्ञान नसलेल्या नागरिकालाही मतदानाचे आणि मोजणीचे महत्त्वाचे टप्पे पडताळता आले पाहिजेत, एवढाच त्याचा आग्रह होता.

हे मी बाबांना फोनवर सांगितले. ठाण्यात शिक्षक असताना त्यांनी मतपत्रिकांच्या काळापासून निवडणुकीची ड्युटी केली आहे. ‘तुमचा यंत्रावर विश्वास आहे का?’ या माझ्या प्रश्नावर ते यंत्राविषयी बोललेच नाहीत. सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर होणारे किमान ५० मतांचे अभिरूप, म्हणजे चाचणीचे, मतदान, संध्याकाळी लागणारे सील आणि नोंदलेल्या मतांचा हिशेब असलेल्या नमुना १७-सीची प्रतिनिधींना मिळणारी प्रत, हे सारे त्यांनी क्रमाने सांगितले. नौपाड्यात असताना आमच्या केंद्रावरचे प्रतिनिधी वाड्यातलेच असत, त्यामुळे आईला यंत्राची शंका कधी शिवली नाही.

आता ते दोघे घोडबंदर रोडवरील एका उंच इमारतीत राहतात, जिथे शेजारच्या दारावरची पाटी हीच काय ती ओळख. ठाण्यात लोकसभेचे मतदान २० मे २०२४ ला झाले आणि मोजणी ४ जूनला. मधल्या पंधरा दिवसांत यंत्रे कडेकोट पहाऱ्यात असली, तरी मतदाराच्या मनात त्या काळाचे कोणतेच चित्र नसते. मत कोणाला गेले ते दाखवणारी व्हीव्हीपॅटची छापील चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते, पण ती पाहणारा एकटाच असतो. आमच्या नातेवाइकांत तर ज्याचा उमेदवार पडतो त्याला यंत्र संशयास्पद वाटते आणि ज्याचा निवडून येतो त्याला तेच निर्दोष वाटते. मतपत्रिका परत आणल्याने हे बदलेल, असे मला वाटत नाही. येथील मोजणीवर माझा विश्वास बसला त्याला कागदाइतक्याच त्या पाववाल्या बाईही कारण होत्या.

फोन ठेवण्यापूर्वी मी आईला विचारले, ‘तुमच्या केंद्रावर प्रतिनिधी म्हणून कोण बसले होते, तुला माहीत आहे का?’ ती थोडा वेळ आठवत राहिली आणि मग तिने तोच प्रश्न बाबांना विचारला. त्यांनाही नाव सांगता आले नाही.